परक्या युद्धात आपली फौज: कोळशेत ते न्हावा शेवा

फेब्रुवारी १९४६ मधल्या नाविकांच्या उठावाविषयी बोलताना निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही कारणे हमखास सांगितली जातात. मुंबई बंदरातल्या युद्धनौकांबरोबर ठाण्यात कोळशेतच्या ‘अकबर’ तळावरचे नाविकही त्या संपात उतरले होते. संपाच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेबरोबर आणखी एक कलम होते, ते मात्र विसरले जाते: इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा. १९४५ च्या अखेरीस ब्रिटिशांनी भारतीय पलटणी जावा बेटावर उतरवल्या होत्या आणि सुराबायात त्या इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी लढत होत्या. डचांना वसाहत परत मिळवून देण्यासाठी आमचे जवान का, असा नेहरूंचाही सवाल होता.

स्वातंत्र्यानंतरच्या धोरणावर त्या रोषाची छाप दिसते. १९५० मध्ये कोरियाला भारताने लढाऊ तुकडी पाठवली नाही. पाठवली ती ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे जखमींवर उपचार करणारी वैद्यकीय तुकडी. १९५३ मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिल्याने त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. पुढे गाझा आणि काँगोतही भारतीय जवान गेले, तेही संयुक्त राष्ट्रांच्याच झेंड्याखाली.

ही चौकट मोडली श्रीलंकेत. २९ जुलै १९८७ चा करार दोन सरकारांमध्ये झाला. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती त्या तमिळ वाघांची (लिट्टेची) त्यावर सहीच नव्हती. फौज गेली शांतिसेना म्हणून आणि अडीच महिन्यांत तिला जाफना जिंकण्याचा हुकूम मिळाला. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने छापा घालायचा होता. बिनतारी संदेश वाघांनी आधीच ऐकले होते. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरल्यावर गोळीबारामुळे पुढच्या खेपा येऊ शकल्या नाहीत आणि त्यांतले २९ जण मारले गेले. पण खरी चूक त्या एका रात्रीची नव्हती. काम कधी संपले म्हणायचे आणि परतायचे कधी, हे करारात कुठेच नव्हते. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी ‘निघा’ म्हटले, शेवटची तुकडी निघाली २४ मार्च १९९० रोजी. तोवर सुमारे बाराशे जवान मारले गेले होते. मद्रासला परतलेल्या जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

याच काळात, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मालदीवचे बंड मोडायला आग्र्याहून उडालेले छत्रीधारी सैनिक काही तासांत माले ताब्यात घेऊन मोकळे झाले. त्यावर फारसा वाद झाला नाही. निमंत्रण स्पष्ट होते, काम छोटे होते.

त्यानंतर दिल्ली फुंकून पाऊल टाकू लागली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धासाठी जाणाऱ्या अमेरिकी मालवाहू विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन दिले जात होते. बातमी फुटली, बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने डोळे वटारले आणि चंद्रशेखर सरकारने फेब्रुवारीत ते थांबवले. २००३ चा प्रसंग याहून मोठा होता. इराकच्या उत्तर भागासाठी अमेरिकेला भारताची एक डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७ हजार जवान, हवे होते. वाजपेयी सरकारमध्येच दोन मते होती. हुकूम अमेरिकी सेनापतीचा चालणार होता. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत प्रत्येक जवानामागे ठरावीक भरपाई मिळते, तशी इथे मिळणार नव्हती. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या मे महिन्यातल्या ठराव १४८३ ने अमेरिका-ब्रिटनला इराकचा ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून मान्यता दिली होती, शांतिसेना उभी केली नव्हती. १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता, अशी पुस्ती जोडून.

हा निर्णय समितीत झाला, यात नियमबाह्य काही नव्हते. फौज परदेशी पाठवण्याआधी संसदेत मतदान घ्यावे, असे आपल्या राज्यघटनेत कुठेही नाही. ब्रिटिश पार्लमेंटने इराकवर ४१२ विरुद्ध १४९ असे मतदान केले. आपल्याकडे लोकसभेने ८ एप्रिलला युद्धाविरुद्ध ठराव केला, पण त्याने सरकारचे हात बांधले गेले नव्हते. आपल्याकडचा वाद म्हणूनच सभागृहापेक्षा वृत्तपत्रांत आणि घटकपक्षांच्या बैठकांत जास्त रंगतो.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि हा विषय नवी मुंबईच्या धंद्यात शिरला. जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. न्हावा शेव्याहून युरोपला जाणाऱ्या मालाला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. रीफर म्हणजे शीतकरणाच्या कंटेनरमध्ये तापमान राखता येते, पण फळाचे आयुष्य वाढत नाही. भाडे वाढले. तांबड्या समुद्रातून जाणाऱ्यांचा युद्धजोखीम विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला. जहाजांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या अमेरिकेच्या आघाडीत आपण का नाही, हा निर्यातदारांचा प्रश्न गैर नव्हता. भारताने त्या आघाडीबाहेर राहून एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात स्वतःच्या युद्धनौका पाठवल्या.

अडचण ध्वजाची आहे. समुद्री कायद्यात जहाज ज्या देशाचा ध्वज लावते त्या देशाचे, आणि न्हावा शेव्याला लागणारी मोठी कंटेनर जहाजे बहुतेक परदेशी ध्वजाची. २३ डिसेंबर २०२३ रोजी पोरबंदरपासून दोनशेहून अधिक सागरी मैलांवर ड्रोनचा मार खाल्लेले ‘केम प्लूटो’ लायबेरियाच्या ध्वजाचे, त्यावरचे खलाशी मात्र जवळपास सगळे भारतीय. समुद्री चाच्यांविरुद्ध २०२२ चा कायदा आहे. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावर पकडलेले ३५ सोमाली चाचे त्याच बळावर मुंबई पोलिसांच्या हवाली झाले. येमेनमधून डागलेले क्षेपणास्त्र या कायद्यात बसत नाही. त्याला उत्तर देणे म्हणजे युद्धात पक्ष घेणे. त्यामुळे नौदल मदतीची हाक आली की कोणत्याही ध्वजाच्या जहाजाकडे धावत होते, आगी विझवत होते, खलाशी उचलत होते. येमेनच्या किनाऱ्यावर मात्र त्याने एकही गोळा टाकला नाही.