कॉलेजचं काम कोणतं, विद्यापीठाचं कोणतं?

बारावीपर्यंत शाळा वेगळी आणि बोर्ड वेगळं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की मात्र कॉलेज आणि विद्यापीठ यांची सरमिसळ होते. आपल्याकडे विदर्भात अकरावी-बारावी आणि बीए-बीएस्सी बरेचदा एकाच आवारात, एकाच ऑफिसातून चालतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. तो महागातही पडतो. मार्कशीटवर काही चुकलं म्हणून धारणीची पोरगी पहाटेच्या एसटीने घाट उतरून अमरावतीला विद्यापीठात जाते आणि तिथे तिला सांगतात, "आधी प्राचार्यांचं पत्र आण." दिवस गेला, भाडं गेलं, सोबत आलेल्या वडिलांची मजुरी बुडाली. ते पत्र मिळणार होतं धारणीतच.

ढोबळ वाटणी अशी. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं, निकाल लावणं आणि डिग्री देणं हे विद्यापीठाकडे. प्रवेश, वर्ग, हजेरी, प्रॅक्टिकल, लायब्ररी, बोनाफाईड, टीसी हे कॉलेजकडे. एसटीचा सवलतीचा पास काढायलाही कॉलेजचाच सही-शिक्का लागतो, विद्यापीठाचा त्यात काही संबंध नाही. स्वायत्त कॉलेज असेल, उदाहरणार्थ अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, तर परीक्षाही कॉलेजच घेतं आणि डिग्री तेवढी विद्यापीठाची असते.

विद्यापीठ कोणतं, हे आपल्याकडे बहुतेक वेळा जिल्ह्यावरून ठरतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ इथली संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला, आणि चंद्रपूर-गडचिरोलीची गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. अमरावतीचं १९८३ मध्ये निघालं, गोंडवाना २०११ मध्ये. म्हणून चंद्रपूरच्या काकाच्या डिग्रीवर नागपूर विद्यापीठ छापलेलं असतं, आणि काका ठामपणे सांगतो की कामासाठी नागपूरलाच जावं लागतं. त्याच्या वेळी ते खरं होतं, आता नाही. पुलगाव आणि धामणगाव रेल्वे पाहा. मधे फक्त वर्धा नदी आहे, पण पुलगाव नागपूर विद्यापीठात येतं आणि धामणगाव अमरावतीत. अभ्यासक्रम वेगळा, परीक्षेचं वेळापत्रक वेगळं. नदीपलीकडच्या मैत्रिणीच्या नोट्स घेण्याआधी आपल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम साइटवरून उतरवून ताडून पाहा. नर्सिंग किंवा आयुर्वेदाला गेलेल्यांचं विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असतं. बीएस्सी ॲग्रीवाल्यांचं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. त्यांना वरची वाटणी लागू नाही.

खरी धावपळ होते ती परीक्षेवरून. तिथे दोघांचंही काम एकाच कागदावर येतं, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

मार्कशीटवर एका विषयापुढे दोन प्रकारचे गुण असतात. एक लेखी पेपरचे, दुसरे इंटर्नलचे. लेखी परीक्षा विद्यापीठाची. काही वेळा पहिल्या वर्षाची परीक्षा घेण्याचं काम विद्यापीठ कॉलेजवर सोपवतं, तरी नियम आणि मार्कशीट विद्यापीठाचीच राहते. इंटर्नलचे गुण मात्र तुमचे विषयाचे सर किंवा मॅडम देतात आणि कॉलेज ते विद्यापीठाच्या पोर्टलवर भरतं.

समजा मोबाइलवर निकाल उघडला. लेखीत पास आहात, पण इंटर्नलच्या रकान्यात अनुपस्थित दाखवलंय आणि त्यामुळे विषय गेला. असाइनमेंट तर दिली होती. अशा वेळी अमरावतीची गाडी धरू नका. गुण भरताना कॉलेजकडून तुमची ओळ रिकामी राहिली असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती दुरुस्ती कॉलेजच्या पत्राशिवाय विद्यापीठात कुणी करत नाही. आधी विषयाच्या सरांना गाठा, त्यांच्याकडे गुणांची यादी असते. मग अर्ज लिहा: प्रति, संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, आणि त्याखाली 'मार्फत, मा. प्राचार्य'. हा 'मार्फत' विसरू नका. अर्जाला निकालाची प्रिंट आणि हॉलतिकिटाची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती करा, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू म्हणेल, "राहू दे ना बापा, देतो आम्ही पाठवून." तरी नम्रपणे शिक्का मागा. पुढे महिनाभराने विचारायला गेलात की त्या शिक्क्यावरच बोलणं होतं.

लेखी पेपरात गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी पडले असतील तर रस्ता उलटा. तिथे कॉलेजचे सर काहीच करू शकत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणं आणि पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरणं, दोन्ही विद्यापीठाच्या नियमाने होतं. त्याची मुदत निकाल लागल्या दिवसापासून मोजतात, मार्कशीट हातात पडल्यापासून नाही. मार्कशीट कॉलेजात येईपर्यंत थांबलेल्या कितीतरी मुलांची मुदत अशीच निघून जाते. निकालाच्या बाबतीत आणखी एक माहीत असू द्या: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. उशीर झाला तर विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

परीक्षेचा फॉर्म हा असाच दोघांमधला. तारखा विद्यापीठ ठरवतं, फॉर्म तपासून पुढे कॉलेज पाठवतं. हिवाळी परीक्षेचे फॉर्म साधारण सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत निघतात. पोरं घरी वावरात असतात, नोटीस कॉलेजच्या फलकावर लागते, आणि कळेपर्यंत विलंब शुल्क सुरू झालेलं असतं. कॉलेजच्या जवळ राहणाऱ्या एखाद्या वर्गमित्राला फलकाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला सांगून ठेवा. वर्गातला रोल नंबर कॉलेजचा, एनरोलमेंट नंबर विद्यापीठाचा. विद्यापीठाशी कुठलाही पत्रव्यवहार एनरोलमेंट नंबराने करायचा.

शिष्यवृत्तीचं काम मात्र विद्यापीठाकडे अजिबात नाही, आणि शेवटचा निर्णय कॉलेजचाही नसतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून प्रवर्गाप्रमाणे समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा संबंधित विभागाकडे. कॉलेजात अर्ज अडकलाय की पुढे गेलाय, हे पोर्टलवर स्वतः पाहता येतं. ते पाहूनच खिडकीवर जा. पैसे बँकेत न येण्याचं एक कारण वारंवार दिसतं. खात्याला आधार जोडलेलं असतं, पण सरकारी अनुदान जमा होण्यासाठी ते खातं एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, यादीत चढलेलं नसतं (यालाच आधार सीडिंग म्हणतात). पोस्टाचं खातं नंतर काढून तिथे आधार दिला असेल तर पैसे कधी कधी तिकडेच जाऊन बसतात. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे' असा थेट प्रश्न विचारा.

प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीची मूळ मार्कशीट कॉलेजने ठेवून घेतली, तर ती परत मागा. तपासून परत द्यायची असतात, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. शाळेची टीसी मात्र मूळच जमा होते, म्हणून तिच्या दोन-तीन झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

कॉलेजबद्दलची तक्रार आधी कॉलेजच्याच विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्यायची. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांना, खास करून घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांना, ही समिती असते हेच कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रॅगिंगचा त्रास असेल तर वाट पाहू नका. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत नंबर आहे, तो चोवीस तास चालतो.

तीन-चार वर्षांनी बाहेर पडतानाही कागद दोन ठिकाणचे. टीसी कॉलेज देतं. डिग्रीसाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं, शेवटच्या वर्षाची मार्कशीट म्हणजे डिग्री नव्हे. वणीत बीए करून एमएला वरोऱ्यात जाणार असाल, तर अमरावती विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेटही (दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचा दाखला) काढावं लागेल, कारण वरोरा गोंडवाना विद्यापीठात येतं. एमएच्या प्रवेशाची यादी लागायची वाट न पाहता, निकाल हातात आला की लगेच तो अर्ज करून टाका.