फर्म आणि कंपनी: उधारी नेमकी कोणाला देताय?

काळबादेवी, मशीद बंदर, फोर्ट या भागांतल्या जुन्या पाट्यांवर 'अमुक अँड कंपनी' हमखास दिसतं. त्यावरून ती कंपनी आहे असं धरून चालू नका. पुष्कळदा ती निघते फर्म, म्हणजे भागीदारी पेढी. 'कंपनी' हा शब्द लॅटिनमधल्या 'सोबत' आणि 'पाव' या शब्दांतून आला, एका पंगतीला जेवणारे असा. तेव्हा पाटीवरच्या 'अँड कंपनी'चा अर्थ 'आणि मंडळी' एवढाच. 'फर्म'च्या मुळाशी इटालियन 'फिर्मा' आहे, म्हणजे सही.

गंमत अशी की फर्मचा कायदा आजही सहीभोवतीच फिरतो. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार धंद्याच्या कामासाठी एका भागीदाराने केलेली सही बाकीच्यांनाही बांधते. पेढी बुडाली तर उधारी दिलेले लोक भागीदारांच्या घरादारापर्यंत जातात, कारण पेढी म्हणजे तीच माणसं. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर एक भागीदार वारला की पेढीही मोडते.

कंपनी भागधारकांपासून वेगळी. तिची मालमत्ता तिची, कर्जही तिचं. भागधारकाची जबाबदारी शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरती. माणसं येतात-जातात, ती राहते. १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सने वर्षाला १० पौंड भाड्याने मुंबई दिली ती कुणा व्यापाऱ्याला नव्हे, १६०० साली सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला. अर्थात छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला कर्ज देताना बँका संचालकांची वैयक्तिक हमी घेतात, म्हणजे ते कवच तिथे बरंचसं नावापुरतंच उरतं.

एलएलपी ही २००८च्या कायद्याने आलेली मधली वाट: भागीदारी आहे, पण जबाबदारी मर्यादित.

ओळखायचं कसं? नावाच्या शेवटी 'लिमिटेड' किंवा 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर कंपनी. तिच्या लेटरहेडवर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापावाच लागतो. तो 'एल'ने सुरू झाला तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू'ने झाला तर नाही. पुढे राज्याचा 'एमएच' आणि स्थापनेचं वर्षही त्यातच सापडतं.

फर्म मात्र नोंदलेली असेलच असं नाही. बिननोंदणीच्या फर्मला करारापोटी अडकलेले पैसे मिळवायला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. तिच्यावर दावा लावायला मात्र तुम्हाला आडकाठी नाही.