शब्दाचा प्रत्यय होतो तेव्हा

ठाणे स्टेशनात दिवसभर कानावर पडतं, 'कल्याणकडे जाणारी धीमी लोकल'. यातल्या 'कडे'ला शाळेत आपण शब्दयोगी अव्यय म्हणायला शिकलो. पण तलावपाळीच्या कडेला टेकणारा ठाणेकर हाच शब्द सरळ नाम म्हणून वापरतो. कड म्हणजे बाजू. बाजूवरून दिशा झाली, आणि 'माझ्याकडे सुटे नाहीत' म्हणताना दिशाही उरली नाही, नुसता संबंध राहिला.

हा प्रवास अभ्यासकांना फार आधीपासून दिसत होता. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी 1822 मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे व्याकरणिक रूपांच्या उगमावरच व्याख्यान दिलं. नाव मात्र मिळालं 1912 मध्ये. स्वतंत्र शब्द व्याकरणाच्या कामाला लागतो, या प्रक्रियेला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेइये यांनी जी संज्ञा दिली, तिला आपण व्याकरणिकीकरण म्हणतो. आदल्याच वर्षी, 1911 मध्ये, मोरो केशव दामले यांचं मराठीचं मोठं व्याकरण आलं होतं. पुढे मेइये यांचेच शिष्य झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या जडणघडणीचा इतिहास लिहिला.

मेइये यांच्या हाताशी लॅटिनपासून फ्रेंचपर्यंतचा सलग पुरावा होता. लॅटिनमध्ये 'मेन्ते' म्हणजे 'मनाने'. 'स्वच्छ मनाने' अशा जोडणीतून ते इतकं रुळलं, की आता फ्रेंच, इटालियन, स्पॅनिशमध्ये ते क्रियाविशेषणाचा प्रत्यय आहे, आणि मन नसलेला दगडही 'हळू' घरंगळू शकतो. फ्रेंच भविष्यकाळ तर 'गायचं आहे' अशा धर्तीच्या रचनेतून आला. लॅटिनमधलं 'जवळ असणे' हे क्रियापद मूळ क्रियापदाला मागून चिकटलं. आजही त्या काळाचे एकवचनी प्रत्यय आणि या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं सारखीच आहेत. स्वाहिलीत 'हवं असणे' या अर्थाच्या 'ताका'पासून भविष्यकाळाचा 'ता' निघाला.

मला मात्र याहून मोठा ऐवज 'म्हणून'मध्ये दिसतो. 'पाऊस येईल म्हणून छत्री घेतली.' इथे कोणीही काही म्हणालेलं नाही. आधी प्रत्यक्ष बोलणं, मग मनातलं बोलणं, मग हेतू, शेवटी निव्वळ कारण, अशी ही उतरंड आहे. 'शिक्षक म्हणून लागला' यात तर कारणही नाही. ज्ञानेश्वरीत 'म्हणौनि' हे 'यास्तव' या अर्थाने पावलोपावली भेटतं, म्हणजे हे वळण सातशे वर्षांहून जुनं. तेलुगूत 'अनि', कन्नडमध्ये 'एंदु', तमिळमध्ये 'एन्रु', सगळी 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदांतून आलेली, आणि हीच कामं करणारी. दख्खनी हिंदीतलं 'बोलके' त्याच पंगतीतलं. शेजाराने भाषा एकमेकींच्या सवयी उचलतात हे खरं, पण पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेत 'म्हणणे' अर्थाचं 'बे' असंच दोन वाक्यं जोडतं, तिथे आपला शेजार कुठला?

'म्हणजे' आणि 'पाहिजे' यांच्यात जुना कर्मणी '-इजे' दडलाय. म्हणिजे, म्हणजे 'म्हटलं जातं'. पाहिजे, म्हणजे 'पाहिलं जातं', त्यातून 'हवं'. श्रीस्थानक, म्हणजे आजचं ठाणे, हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचं प्रमुख नगर. त्यांच्यापैकी अपरादित्याचा बाराव्या शतकाच्या अखेरचा परळचा शिलालेख आहे. दान मोडणाऱ्याला त्यात दिलेला शाप अत्यंत असभ्य आहे, पण त्याचं क्रियापद याच '-इजे'चं, म्हणून अमोल. तेव्हा हा प्रत्यय कुठल्याही क्रियापदाला लागायचा. आज तो गोठलेल्या शब्दांत उरलाय, आणि 'पाहिजे'लाच नवं अनेकवचन फुटलंय: 'दोन तिकिटं पाहिजेत'.

हे सगळं झालं-गेलं नाही. 'निघालोय' लिहिलं की कुणीतरी अशुद्ध ठरवून लाल रेघ ओढतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण फ्रेंच भविष्यकाळात जे शतकांपूर्वी घडलं तसंच इथे डोळ्यांदेखत घडतंय. सुटं 'आहे' अजून चालतं, आणि शेजारी चिकटलेलंही: मी निघालोय, तू निघालायस, तो निघालाय, ते निघालेत.