उजव्या सोंडेची भूमिती

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. ती जयंत विष्णु नारळीकरांची होती, ज. वि. ना. ही आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडल्यापासून त्यांचं नाव गाजत होतं. त्या नावाकडे पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, एवढाच हेतू.

विज्ञानातला एखादाच नियम उचलायचा आणि तो नेईल तिथवर जायचं, ही त्यांच्या उत्तम कथांची रीत. त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’, म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होण्याची कथा, घरी पडताळून पाहता येते.

पारदर्शक प्लॅस्टिकची 28 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद पट्टी कापा. मार्करनं दर 4 सेंमीवर एक याप्रमाणे सात गणपती काढा: गोल डोकं, डावीकडे वळलेली सोंड. मुकुट मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेनं हवा. रुंदीच्या दिशेनं काढलात तर सांध्यापाशी गणपती डोक्यावर उभा दिसतो आणि सोंडेचा घोळ होतो. आता एक टोक 180 अंशांत पिळून दुसऱ्याला चिकटपट्टीनं जोडा. ही मोबियसची पट्टी. सांध्यावर बोट ठेवून बघा: सातव्याची सोंड एकीकडे, शेजारच्या पहिल्याची दुसरीकडे! पूर्ण 360 अंशांचा पीळ दिलात तर काहीच उलटत नाही. साधा कागदही चालत नाही, कारण चित्र मागच्या बाजूला जाऊन दिसेनासं होतं.

सपाट चित्र उलटायला पट्टी तिसऱ्या मितीत पिळावी लागली. मग भरीव मूर्ती किंवा जिवंत माणूस उलटायचा तर अवकाशाची चौथी मिती हवी. कथेतला क्रिकेटचा गोलंदाज असाच उलटतो.

अशा माणसाचं हृदय उजवीकडे येईल, हे उघड आहे. खरी अडचण ताटात आहे. आपल्या अन्नातल्या प्रथिनांचे घटक, अमिनो आम्लं, जवळजवळ सगळी ‘डावरी’ असतात, म्हणजे त्यांच्या रेणूंच्या आरशातल्यासारख्या दोन रूपांपैकी एकाच रूपाची. उलटलेली पाचकद्रव्यं त्यांना धरूच शकणार नाहीत. डावा हातमोजा उजव्या हातात बसत नाही, तसंच. पाणी, मीठ आणि हवा चालेल, पण वरण-भात खाऊनही त्याची उपासमार होईल. नाकही फसेल. पुदिन्याचा वास ज्या कार्व्होन नावाच्या रसायनाचा, त्याचंच आरशातलं रूप बाळंतशेपात असतं. म्हणून पुदिन्याची चटणी पुढे केली, तर या माणसाला तिच्यात बाळंतशेपाचा वास येईल.