सरकारी योजनेतून मशीन घेताय? आधी कोटेशन, पैसे मंजुरीनंतर

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) यातून कर्ज काढून आमच्याकडून मसाला कांडप, पल्व्हरायझर (बारीक पूड करणारे यंत्र) किंवा पीठगिरणी घेणारे बरेच ग्राहक पहिल्याच भेटीत बयाणा द्यायला निघतात. कर्ज मंजूर होण्याआधी आम्ही बयाणा घेत नाही. कृपया आग्रह करू नये.

या दोन्ही योजना नव्या उद्योगासाठी आहेत. मंजुरीआधीच मशीन बसवून दळण सुरू केले, तर तो चालू धंदा ठरतो आणि अनुदान जाते. शिवाय बँक मशीनचे पैसे तुमच्या हातात देत नाही, कोटेशन देणाऱ्याच्या खात्यात भरते. आधी रोखीने घेतलेल्या मशीनचे पैसे मग कोण देणार? अशा वेळी ‘बिलावर पुढची तारीख टाका’ किंवा ‘रक्कम थोडी वाढवून द्या’ अशी विनंती होते. ती आम्ही मानत नाही. बँकेचा माणूस पाहणीला येतो, मशीनवरचा नंबर बिलाशी ताडून पाहतो. तिथे फरक निघाला की प्रकरण तुमचेच अडकते.

क्रम असा ठेवा: आमचे कोटेशन, ऑनलाइन अर्ज, छाननी, बँकेची मंजुरी, तुमचा हिस्सा बँकेत जमा, मग आमच्याकडे ऑर्डर. उद्योजकता प्रशिक्षण टाळू नका. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय अनुदान सुटत नाही.

अनुदानाचा आकडाही नीट समजून घ्या. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान सगळ्यांना मिळत नाही; हा दर ग्रामीण भागातल्या विशेष प्रवर्गासाठी आहे. मुंबई शहरी भागात मोडते. इथे सर्वसाधारण प्रवर्गाला १५ टक्के. विशेष प्रवर्गाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक, दिव्यांग वगैरे) २५ टक्के. म्हणजे १० लाखांच्या प्रकल्पात सर्वसाधारण अर्जदाराने १ लाख स्वतःचे घालायचे, अनुदान दीड लाख. महिलेने ५० हजार घालायचे, अनुदान अडीच लाख. ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत ३ वर्षे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. त्यामुळे अनुदानातून गाळ्याचे डिपॉझिट भरण्याचा बेत करू नका.

कोटेशन मागायला येताना गाळ्याचे लाइट बिल आणा. १० एचपीची मोटर म्हणजे साधारण साडेसात किलोवॉट, तीही थ्री फेज. चाळीतल्या घरगुती मीटरवर ती चालणार नाही. वाढीव लोडसाठी शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण यांच्याकडे अर्ज करावा लागतो. मंजुरीनंतर ‘लोड मिळत नाही, छोटे मॉडेल द्या’ म्हणालात, तर सुधारित कोटेशन पुन्हा बँकेत जाते आणि वेळ वाया जातो.

आमच्या कोटेशनमध्ये मॉडेल, एचपी, फेज, मोटर-स्टार्टर, जीएसटी, वाहतूक आणि फिटिंग वेगवेगळे दाखवलेले असते. बँकेला पुन्हा विचारायची वेळ येत नाही. मुदत ३० दिवस. प्रकरण लांबले तर नवीन तारखेचे कोटेशन विनामूल्य देतो. मॉडेल ठरवण्याआधी स्वतःची वाळवलेली मिरची घेऊन या आणि आमच्याकडच्या मशीनवर कुटून पाहा. पावडर किती बारीक येते आणि किती गरम होते, हे हातात घेतल्यावरच कळते.