ईमेल एन्क्रिप्शनची सुलभता

ईमेलचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही, अगदी मेलसेवा चालवणाऱ्या कंपनीलाही वाचता येऊ नये, ही सोय संगणकाचे खास शिक्षण नसलेल्यांच्या हाती देण्याचे प्रयत्न. तंत्र जुने आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा मजकूर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करणारा प्रोग्राम खुला केला. घोडे अडले ते वापरापाशी. अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीजीपीच्या चाचणीत १२ जणांना ९० मिनिटे दिली होती. मेल नीट डिजिटल सही करून, एन्क्रिप्ट करून पाठवणे जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमले. तिघांनी तर गुपितच उघड्या मेलने पाठवले.

गोंधळाचे मूळ शब्दांतही आहे. ‘पब्लिक की’ ही खरे तर किल्ली नव्हे, वाटेल त्याला देता येणारे उघडे कुलूप. ते उघडणारी किल्ली फक्त आपल्यापाशी. तीच सही करताना शिक्क्याचे काम करते. मराठी पडद्यावर ‘कुलूप’ आणि ‘किल्ली’ एवढेच लिहिले तरी निम्मे काम होईल.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला हे दोन्ही हवे. जॅकार्डची नवी नक्षी आणि दर झाकायला एन्क्रिप्शन. बिलातला बँक खाते क्रमांक कुणी वाटेत बदलला तर ते गिऱ्हाइकाला कळावे म्हणून सही. तत्त्व त्याला परकेही नाही. करविवरणासाठीचे डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीची किल्ली ठेवलेले यूएसबी उपकरण, त्याच्याकडे असते. पण बहुधा सीएच्या ड्रॉवरमध्ये, पिनची चिठ्ठी वर चिकटवलेले. दोष त्याचा नाही. रोजच्या धबडग्यात जे झेपत नाही, ते माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवतोच. म्हणून ओझे प्रोग्रामने उचलायला हवे.

काही प्रोग्राम ते उचलतात. मेल प्रोग्रामांसाठीच्या ऑटोक्रिप्ट या पद्धतीत कुलूप प्रत्येक मेलसोबत आपोआप जाते. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामने २०२० मध्ये ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी, म्हणजे पीजीपीचे खुले मानक, आतच बसवले. त्यासाठीचे एनिग्मेल हे वेगळे जोडसाधन लागेनासे झाले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रोटॉनमेल या मेलसेवेच्या दोन खात्यांमधल्या मेलमध्ये वापरणाऱ्याला किल्ल्यांकडे पाहावेही लागत नाही.

तरी दोन गोष्टी माणसाकडेच राहतात. विषयाची ओळ साध्या ओपनपीजीपी मेलमध्ये उघडीच जाते, तिथे दर लिहू नये. आणि कुलूप खरोखर समोरच्याचेच आहे ना, हे पाहायला ठसा, म्हणजे त्या कुलपाची ओळख पटवणारी अंक-अक्षरे (जुन्या पद्धतीच्या किल्ल्यांत ४०), ओळखीच्या आवाजात फोनवर एकदा वाचून जुळवावा लागतो.