जळण (बेळगाव सीमाभाग)

स्वयंपाकासाठी व आंघोळीच्या पाण्यासाठी घरात वापरले जाणारे लाकूडफाटा, शेणी, पिकांची काटके इत्यादी. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर तालुक्यात सह्याद्रीचे दाट जंगल आहे. पूर्वेकडचे अथणी, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्ग हे तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात; तिथे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी पाऊस पडतो. खानापूरचे जंगल या गावांच्या चुलीला उपयोगाचे नाही, कारण मोळी डोक्यावरून जितकी लांब नेता येते तेवढाच तिचा पल्ला.

कोरडवाहू गावात जळण मिळते ते मुख्यतः बांधावरून व गोठ्यातून. बाभूळ, कडुलिंब, बोर यांच्या फांद्या, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि शेणी ही त्याची नेहमीची रूपे. ज्वारीचा कडबा कोणी जाळत नाही, तो जनावरांचा. धसकटे मात्र वेचून आणतात. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाचट मुबलक असते, पण ते भपकन पेटून विझते. भाकरीला टिकणारा जाळ लागतो.

म्हणजे ज्याच्याकडे शेत आणि जनावर, त्याच्याकडे जळण. भूमिहीन घराला बांध नाही, गोठाही नाही. त्या घरातली बाई मजुरीवरून परतताना गायरानातल्या, ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीच्या काट्याकुट्या तोडून आणते. परदेशातून आणलेल्या या काटेरी झाडाला कन्नडमध्ये ‘बळ्ळारी जाली’ म्हणतात. शेळ्या त्याचा पाला फारसा खात नाहीत आणि तोडले तरी ते बुडातून पुन्हा फुटते. गरिबाची चूल बऱ्याच अंशी त्याच्यावरच चालते.

जंगल चुलीमुळे संपले, हे १९७० च्या दशकात जगभर मांडले गेलेले मत इथे अर्धेच लागू पडते. चुलीत जाते ते बहुतेक वाळके नि छाटलेले. उभी झाडे पडली ती अधिक करून शेतजमीन, इमारती लाकूड, कोळसा आणि धरणे यांपायी. टंचाई वाढली की मात्र झाड छाटता छाटता खुरटते, मुळ्याही खणल्या जातात. शेण खताऐवजी चुलीत जाते व आधीच हलकी असलेली जमीन आणखी नापीक होते.

गायरान कोणाचे, हा प्रश्न शेजारच्या धारवाड जिल्ह्यात उघडपणे पुढे आला. कागदलगद्यासाठी सामाईक जमिनीवर निलगिरी लावण्याविरुद्ध १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर (आता हावेरी जिल्हा) येथे ग्रामस्थांनी रोपे उपटून त्या जागी उपयोगाची झाडे लावली.

साध्या चुलीत जळणातील सुमारे १० टक्केच उष्णता भांड्याला मिळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘अस्त्र’ केंद्राने धुराड्याची, तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ (कन्नड ‘ओले’ म्हणजे चूल) तयार केली. तिची कार्यक्षमता जुन्या चुलीच्या कितीतरी पट होती. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९८० च्या दशकात सुरू झाला. पण फुटलेली चूल दुरुस्त करायला गावात कोणी नसे, आणि बायका पुन्हा आपल्या हाताने चूल-वैल थापत.

२०१६ मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी केंद्राची उज्ज्वला योजना आली, पाठोपाठ कर्नाटकची तशीच ‘अनिल भाग्य’. जोडणी मिळाली तरी १४.२ किलोचे सिलिंडर भरून घ्यायला एकरकमी पैसे लागतात, तर काटक्यांना पैसे लागत नाहीत, बाईचा वेळ लागतो, आणि त्याची मजुरी कोणी धरत नाही. म्हणून अनेक घरांत चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो. भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर.